खोडलेली वाक्ये

न्यायमूर्ती कुमुदिनी धकाते यांचे निकाल
जाड पुठ्ठ्याच्या खंडांत छापले आहेत.
सिव्हिल लाइन्सच्या ग्रंथालयात, खिडकीकडच्या कपाटात,
कुणीही जाऊन वाचावेत.

माझ्याकडे आहे ते उरलेलं.

एकोणीस वर्षं मी त्यांचा स्टेनो होतो.
त्या बोलत, मी रेघा ओढत असे,
बारीक, जाड, ओळीच्या वर, ओळीच्या खाली,
आणि मधेच त्या थांबत. "कापगते, हे खोडा."
एकच आडवी रेघ.
तिच्याखालचं वाचता येतं
फक्त मला.

नियमाप्रमाणे वह्या जाळायच्या असतात.
मी जाळल्या. तीन सोडून.

"पाचपावलीत आमच्या घरी माग एक होता, माणसं नऊ.
ताण्याच्या धाग्यांतून धोटा जाईल
तेवढीच जागा कायद्यात गरिबाला असते."
खोडा.
टाइप झालं ते असं: अपील अंशतः मंजूर.

जिल्हा कोर्टात पहिली सहा वर्षं त्यांना टेबल नव्हतं.
कडुनिंबाखाली टायपिस्टच्या शेजारचं एक स्टूल,
आणि पक्षकार त्यांनाच विचारायचे,
"बाई, वकीलसाहेब केव्हा येतात?"
हे त्यांनी मला सांगितलं नाही. टायपिस्टनं सांगितलं.

मग सरकारी वकील, मग अतिरिक्त, मग कायम,
तीन वर्षं औरंगाबाद, परत नागपूर.
दिल्लीचं नाव दोनदा निघालं,
आमच्याकडे मे महिन्यात ढग येतात तसं.

एका डिसेंबरात ॲडलेडहून एक वयस्क न्यायाधीश पाहुणे आले.
सावजी झेपणार नाही म्हणून साधं वरण-भात-पोळी.
त्यांनी विचारलं, बोर्डावर किती प्रकरणं?
बाई म्हणाल्या, एकशे बारा.
पाहुण्यांनी हळहळून मान हलवली:
एका वर्षाला हे फारच झालं.
बाईंनी दुरुस्ती केली नाही.
गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मात्र हसल्या,
आवाज करून, खुर्चीला धरून.
त्या दिवशी चौतीस झाली. बाकीच्यांना तारीख.

एकदा तिघांच्या पीठात एकट्या पडल्या.
धरणाखाली गाव गेलं होतं; प्रश्न होता
गावाच्या स्मशानाला मोबदला लागतो का.
दोघं म्हणाले, सातबारा कुणाच्याच नावावर नाही.
बाईंनी अकरा पानं वेगळी लिहिली.
त्या पानांचा आजवर एकाही वकिलानं हवाला दिलेला नाही.
त्यातून गाळलेली ओळ माझ्याकडे आहे:
"मालक हजर राहू शकत नाहीत,
हे त्यांच्याच विरुद्ध कसं धरावं?"

आणि फाशी कायम केली तो दिवस.
निब वगैरे काही मोडली नाही,
त्यांचं पेन दहा रुपयांचं होतं.
"म्हणून" इथपर्यंत सांगितलं आणि थांबल्या.
कुलरमध्ये पाणी टपकत होतं. खसाचा वास.
मी पेन्सिल कागदाला टेकवून बसलो,
चार मिनिटं, घड्याळ समोरच होतं.
मग म्हणाल्या, "घ्या पुढं."

आता त्या धरमपेठेत राहतात. काचबिंदूनं नजर गेली.
महिन्यातून एकदा मी जातो, वही घेऊन.
"काहून कापगते, आज काय खोडलेलं आणलं?"
मी वाचतो. कधी म्हणतात, बरं झालं खोडलं.
कधी म्हणतात, हळू, शेजारी वकील राहतो.

परवा वही स्वतःच मागून घेतली.
पानावरून बोट फिरवत राहिल्या,
मागावर तुटलेला धागा शोधावा तसं.
एका जागी थांबल्या.
तिथं एक ठिपका आहे, खोल,
पुढच्या तीन पानांवर उमटलेला.

"इथं काय सांगितलं होतं मी?"
"काही नाही, मॅडम."

बोट तिथंच होतं.
मी पान उलटलं नाही.